कांद्याचे भाव, हॅस्केल आणि मोनॅड : एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहतो आणि अंबडच्या एका छोट्या कंपनीत पायथनवर काम करतो. संध्याकाळी घरी हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. मामांची निफाड तालुक्यात कांद्याची शेती आहे. त्यांच्यासाठी लासलगावचे रोजचे भाव एका फाइलमध्ये भरतो आणि त्यावर हिशोब करणारा प्रोग्राम लिहितोय. तीन ठिकाणी अडलोय. एक, डॉलर, टिंब आणि कंस यांतलं कुठे काय वापरायचं ते कळत नाही, आणि ओळी आत सरकवण्यावरून कंपायलर सारखा अडवतो. दोन, मोनॅड. डबा, पाइप, कारखान्यातला पट्टा अशा उपमा वाचून झाल्या. डू लिहून काम भागतं, पण समजलेलं नाही. तीन, मी शक्य ते सगळं एका ओळीत बसवतो. मित्र म्हणतो, हे कुणाला वाचता येणार नाही. सोबत एक नमुना पाठवलाय. बरोबर कोण?

उत्तर :

मित्र बरोबर आहे, पण त्यामागे वाचायला सोपं जाण्यापेक्षा मोठं कारण आहे. तुझ्याच नमुन्यावरून ते शेवटी दाखवते.

आधी लिपीबद्दल. खालचा कोड मी देवनागरीत लिहिला आहे, कारण नावांचा अर्थ लगेच डोळ्यांत भरावा अशी माझी इच्छा आहे. टाइप करताना केस, डू, मेबी, जस्ट हे सगळे शब्द मूळ रोमन स्पेलिंगनेच लिहायचे. प्रोग्राममधली नावंही रोमनच ठेव. हॅस्केलमध्ये प्रकाराचं (टाइपचं) आणि त्या प्रकाराची किंमत बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरचं नाव मोठ्या अक्षराने आणि साध्या चलाचं नाव लहान अक्षराने सुरू व्हावं लागतं. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे तो भेद दाखवायला जागाच उरत नाही.

आता व्याकरण. यात एकच नियम पक्का बसला की निम्मे घोटाळे संपतात : फंक्शनला इनपुट देणं सगळ्यात घट्ट बांधलं जातं, बेरीज-गुणाकारापेक्षाही घट्ट. `दुप्पट ३ + १` याचा अर्थ आधी तीनची दुप्पट, मग एक मिळव, म्हणजे सात. आणि `दुप्पट -१` लिहिलंस तर कंपायलर ते ‘दुप्पट वजा एक’ असं वाचतो आणि फंक्शनमधून आकडा वजा करता येत नाही अशी लांबलचक तक्रार करतो. ऋण आकड्याला नेहमी कंस घाल.

डॉलर हे सगळ्यात सैल चिन्ह आहे, त्याची पातळी ०. टिंबाची पातळी ९, म्हणजे चिन्हांमध्ये सगळ्यात घट्ट. डॉलर म्हणजे ‘इथे कंस उघडला आणि शेवटी मिटला’. टिंब दोन फंक्शनं जोडून तिसरं तयार करतं. मी ओळ अशी लिहिते :

प्रिंट . सम . मॅप आवक $ नोंदी

टिंबं हवी तितकी आणि डॉलर एकच, तोही शेवटच्या इनपुटच्या आधी. टिंबांच्या जागीही डॉलर लिहून एकूण तीन डॉलर केलेस तरी उत्तर तेच येईल. फरक पुढे कळतो. टिंबांच्या साखळीतून `सम . मॅप आवक` एवढा तुकडा कापून त्याला `एकूण_आवक` असं नाव देता येतं, कारण तो तुकडा स्वतःच एक पूर्ण फंक्शन आहे. डॉलरच्या साखळीतला मधला तुकडा असा सुटा निघत नाही. आणि जिथे साधा कंस वाचायला सोपा आहे तिथे कंसच घाल. कंस कमी केल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.

ओळी सरकवण्याबद्दल : डू, ऑफ, लेट, व्हेअर या चार शब्दांनंतर येणारा पहिला शब्द ज्या स्तंभात असतो, तोच स्तंभ त्या ब्लॉकची रेघ ठरतो. पुढची ओळ नेमकी त्या रेघेवर असेल तर नवं वाक्य, रेघेच्या उजवीकडे असेल तर मागचंच वाक्य चालू, आणि डावीकडे गेली तर ब्लॉक संपला. तुझा घोटाळा बहुधा टॅबमुळे होत असणार. हॅस्केल टॅब आठ-आठ स्तंभांवर मोजतं आणि तुझा एडिटर चारच दाखवत असेल, म्हणजे तुला दिसणारी रेघ आणि कंपायलरला दिसणारी रेघ वेगळ्या होतात. टॅबऐवजी स्पेस पडतील अशी सेटिंग आजच करून टाक. माझी आणखी एक सवय आहे. डू नंतर लगेच नवी ओळ घेते आणि ब्लॉक दोन स्पेस आत सुरू करते. डूच्याच ओळीत पहिलं वाक्य लिहिलं की उद्या फंक्शनचं नाव बदलल्यावर खालच्या सगळ्या ओळी पुन्हा सरकवत बसावं लागतं.

तुझ्या फाइलमध्ये एक चूक तीनदा दिसली. व्हेअरमध्ये तू जे चल वापरतोस ते वरच्या डू ब्लॉकमध्ये बाणाने मिळवलेलं आहे. व्हेअर हा त्या संपूर्ण समीकरणाचा असतो. त्याला फंक्शनची इनपुटं दिसतात, डूच्या आत बाणाने आलेली नावं दिसत नाहीत. तिथे डूमधलाच लेट वापर, आणि त्या लेटला इन लागत नाही.

बराबर आणि बाण यांतला फरकही इथेच पक्का करून घे. `लेट ओळ = गेटलाइन` लिहिलंस तर `ओळ` या नावात मजकूर येत नाही, ‘एक ओळ वाच’ ही सूचना येते. `ओळ <- गेटलाइन` लिहिलंस की ती सूचना पार पडते आणि मिळालेला मजकूर नावात येतो. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली म्हणजे औषध पोटात गेलं असं होत नाही. आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट, या प्रकाराची किंमत ही चिठ्ठी आहे. ही उपमा फक्त आयओपुरती घे, मोनॅडला लावू नकोस.

मोनॅडच्या उपमांनी तुझा घोळ झाला याचं मला अजिबात नवल वाटत नाही. मीही त्याच वाटेने गेले होते आणि त्यात माझे कित्येक महिने गेले. उपमा देणाऱ्याला आधी गोष्ट समजलेली असते, मग त्याला ती डब्यासारखी दिसते. वाचणाऱ्याला मात्र नुसता डबा मिळतो, आणि स्टेट किंवा रीडर असा दुसरा एखादा मोनॅड समोर आला की डब्याचं झाकण बसत नाही. मला मोनॅड कळला तो हाताने लिहून. तूही तसाच लिही, तुझ्याच भावांच्या फाइलवर.

समज, एका ओळीत किमान, कमाल आणि सरासरी भाव स्वल्पविरामाने लिहिलेले आहेत. मेबी या प्रकारात किंमत असली तर ती जस्टच्या आत असते, नसली तर नथिंग. `तुकडे` हे फंक्शन ओळीचे तीन भाग करतं, आणि भाग तीन नसतील तर नथिंग देतं. `आकडा` मजकुराचा आकडा करतं, नाही जमलं तर नथिंग. आता डू न वापरता, चिन्हं न वापरता, फक्त केस लावून लिही :

वाच ओळ =
  केस तुकडे ओळ ऑफ
    नथिंग -> नथिंग
    जस्ट (क, म, स) ->
      केस आकडा क ऑफ
        नथिंग -> नथिंग
        जस्ट किमान ->
          केस आकडा म ऑफ
            नथिंग -> नथिंग
            जस्ट कमाल ->
              केस आकडा स ऑफ
                नथिंग -> नथिंग
                जस्ट सरासरी -> जस्ट (नोंद किमान कमाल सरासरी)

खरोखर टाइप कर, नुसतं वाचून पुढे जाऊ नकोस. चौथ्यांदा ‘नथिंग -> नथिंग’ लिहिताना हाताला कंटाळा येतो, आणि आपल्याला तो कंटाळाच हवा आहे. पुन्हा पुन्हा काय येतंय ते बघ : आधीचं नथिंग असेल तर तिथेच थांब, नसेल तर आतली किंमत काढून पुढच्या कामाला दे. एवढाच भाग वेगळा काढ.

पुढे :: मेबी अ -> (अ -> मेबी ब) -> मेबी ब
पुढे नथिंग _ = नथिंग
पुढे (जस्ट अ) काम = काम अ

मग वरचा जिना असा सपाट होतो :

वाच ओळ =
  पुढे (तुकडे ओळ) (\(क, म, स) ->
  पुढे (आकडा क) (\किमान ->
  पुढे (आकडा म) (\कमाल ->
  पुढे (आकडा स) (\सरासरी ->
  जस्ट (नोंद किमान कमाल सरासरी)))))

हे `पुढे` म्हणजेच `>>=`. आणि डू म्हणजे याच रचनेचं सुटसुटीत लिखाण :

वाच ओळ = डू
  (क, म, स) <- तुकडे ओळ
  किमान <- आकडा क
  कमाल <- आकडा म
  सरासरी <- आकडा स
  प्युअर (नोंद किमान कमाल सरासरी)

बाणाची प्रत्येक ओळ म्हणजे एक `पुढे` आणि एक लॅम्ब्डा, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू होणारं बिननावाचं फंक्शन. कंपायलर डूचं रूपांतर करताना हेच करतो.

आता हाच व्यायाम आयदरवर कर. चूक झाली तर लेफ्टमध्ये तिचं वर्णन, नाहीतर राइटमध्ये किंमत :

पुढे (लेफ्ट चूक) _ = लेफ्ट चूक
पुढे (राइट अ) काम = काम अ

आणि तिसऱ्यांदा स्थिती घेऊन चालणाऱ्या कामांवर. तू नोंदींना अनुक्रमांक देतोस, म्हणजे प्रत्येक काम सध्याचा क्रमांक घेतं आणि उत्तराबरोबर नवा क्रमांक परत देतं :

पुढे पहिलं काम = \स्थिती ->
  लेट (अ, नवी) = पहिलं स्थिती
  इन काम अ नवी

तिसऱ्या वेळी डबा कुठेच नाही. आहे ते एक फंक्शन. पण `पुढे`ची प्रकाररेषा, म्हणजे `::` लावून इनपुट-आउटपुटचे प्रकार सांगणारी ओळ, तिन्ही वेळा एकाच घाटाची आली : आधीचं काम, त्याच्या उत्तरावरून पुढचं काम ठरवणारं फंक्शन, आणि दोन्ही मिळून एक काम. ज्या प्रकारासाठी असं `पुढे` आणि किंमत नुसती उचलून देणारं `प्युअर` लिहिता येतं, आणि ते तीन नियम पाळतं, तो मोनॅड. याहून जास्त काही त्यात नाही.

नियमांची नावं ऐकून लोक घाबरतात. रोजच्या कामात ते डू ब्लॉकची साफसफाई करण्याची परवानगी म्हणून उपयोगी पडतात. `अ <- प्युअर क` लिहिलं असेल तर त्या जागी साधा लेट चालतो. शेवटी `अ <- काम` आणि लगेच `प्युअर अ` असेल तर नुसतं `काम` पुरतं. आणि डूमधल्या मधल्या चार ओळी उचलून वेगळ्या फंक्शनात टाकल्या तरी अर्थ बदलत नाही. हा तिसरा नियम मी दिवसातून दहा वेळा वापरते. पहिल्या दोन जागा एचलिंट हे साधन स्वतःच दाखवून देतं, ते बसवून घे.

ही कल्पना भाषेत का आली ते कळलं की ती उगाच वाटत नाही. १९८७ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या परिषदेत आळशी मूल्यमापनाच्या, म्हणजे गरज पडेल तेव्हाच किंमत मोजणाऱ्या भाषांवर काम करणारे लोक जमले आणि एक समाईक भाषा करायचं ठरलं. पहिला अहवाल १९९० चा. भाषेला नाव मिळालं ते तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं. आळशी भाषेत कोणती गोष्ट कधी मोजली जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून फंक्शनच्या पोटात गुपचूप छपाई किंवा फाइलवाचन ठेवता येत नाही, क्रमच हाती राहत नाही. पहिल्या अहवालात इनपुट-आउटपुटसाठी मागण्या आणि उत्तरांच्या याद्या वापरल्या होत्या. ते चालायचं, पण लिहिणाऱ्याचे हाल व्हायचे. संगणकशास्त्रज्ञ युजेनिओ मोग्गी यांनी प्रोग्रामच्या अर्थाचा अभ्यास करताना मोनॅड वापरला होता. फिलिप वॉडलर यांनी तो प्रोग्राम लिहिण्याच्या कामी आणला, आणि १९९६ च्या १.३ आवृत्तीत मोनॅडवरचं इनपुट-आउटपुट आणि डू हे दोन्ही भाषेत आले. म्हणजे त्या लोकांनाही आधी लिहिताना त्रास झाला आणि मग हा आकार हाती लागला. तुझा जिना लहान असला तरी वाट तीच आहे.

मेबीवरून आयदरवर जाशील तेव्हा दोन गोष्टी अडतील, म्हणून आधीच सांगते. किमान भाव सरासरीपेक्षा जास्त नको हे तपासायला तू `गार्ड` वापरला आहेस. तो मेबीत चालतो, आयदरमध्ये चालत नाही, कारण कारण न देता ‘नाही’ म्हणायची सोय आयदरकडे नाही. तिथे `अनलेस (किमान <= सरासरी) (लेफ्ट भाव_उलटे)` असं लिही. दुसरं, बाणाच्या डावीकडे `[क, म, स]` असा यादीचा नमुना लिहिलास तर नमुना न जुळल्यावर मेबीत नथिंग मिळतं, आयदरमध्ये मात्र कंपाइलच होत नाही. नमुना न जुळल्यास आपोआप अपयश देणारी ही जुनी `फेल`ची सोय जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरच्या २०१९ मधल्या ८.८ आवृत्तीपासून मोनॅडमधून पूर्ण वेगळी काढली आहे. ती वेगळी काढली हे चांगलंच झालं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला बसले ती. मोनॅड समजल्यावर माणूस तो सगळीकडे लावतो. मीही लावला आणि त्याचा त्रास दुसऱ्याला झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी आवकेच्या नोंदी तपासणारा प्रोग्राम मी आयदर आणि डू वापरून लिहिला. कोड नेटका होता. तिथले लिपिक काका संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी भरून प्रोग्राम चालवायचे. तो पहिली चूक दाखवून थांबायचा. ती दुरुस्त केली की दुसरी, ती केली की तिसरी. एका संध्याकाळी मी शेजारी बसून पाहिलं, एका फाइलसाठी त्यांनी अकरा वेळा प्रोग्राम चालवला. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं. सगळ्या चुका एकदम दाखवणं सहज शक्य होतं आणि मी चुकीचं हत्यार निवडलं होतं.

कारण `पुढे`च्या प्रकाररेषेतच आहे. पुढचं काम हे आधीच्या कामाच्या उत्तरावरून तयार होतं. उत्तरच आलं नाही तर पुढचं काम कोणतं हेच माहीत नसतं, मग त्यातल्या चुका कशा शोधणार? पण तुझे तीन आकडे एकमेकांवर अवलंबून आहेत का? किमान भाव चुकीचा टाइप झाला म्हणून कमाल भाव तपासायचा थांबण्याचं काहीच कारण नाही. अशा ठिकाणी मोनॅडपेक्षा कमी ताकदीचं अ‍ॅप्लिकेटिव्ह पुरतं :

नोंद <$> आकडा क <*> आकडा म <*> आकडा स

इथे तिन्ही कामं आधीपासून समोर मांडलेली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंच्या चुका गोळा करता येतात. त्यासाठी वेगळा प्रकार कर, कन्स्ट्रक्टर दोन, चुका आणि बरोबर :

चुका अ <*> चुका ब = चुका (अ <> ब)
चुका अ <*> _ = चुका अ
_ <*> चुका ब = चुका ब
बरोबर फ <*> बरोबर अ = बरोबर (फ अ)

नेहमीचा आयदरच असा का वागत नाही? कारण आयदर मोनॅड आहे, आणि त्याचं `<*>` त्याच्या `>>=` शी जुळायलाच हवं. `>>=` पहिल्या चुकीला थांबतो, म्हणून `<*>` लाही थांबावं लागतं. २०१५ च्या जीएचसी ७.१० पासून तर प्रत्येक मोनॅड हा अ‍ॅप्लिकेटिव्ह असलाच पाहिजे असं भाषेत बांधून टाकलं आहे. म्हणून चुका गोळा करणारा प्रकार मुद्दाम मोनॅड करायचा नाही. वर मोजकी ताकद घेतल्याने वापरणाऱ्याला जास्त मिळालं, हे मला हॅस्केलमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

तुझ्या प्रोग्राममध्ये दोन्ही लागतील. तीन आकडे अ‍ॅप्लिकेटिव्हने वाच, सगळ्या चुका एकदम मिळतील. किमान, सरासरी, कमाल यांचा क्रम तपासायला तिन्ही किमती हातात हव्यात, म्हणून ती तपासणी त्यानंतरची, स्वतंत्र पायरी. आणि पूर्ण फाइलसाठी `ट्रॅव्हर्स वाच ओळी`, म्हणजे सगळ्या ओळींवर `वाच` लावून एकच निकाल, असं लिहिलंस तर एका ओळीच्या चुकीपायी अख्खा दिवस वाया जाईल. मामांना चांगल्या नोंदींचा हिशोब आजच हवा असेल. म्हणून प्रत्येक ओळीचा निकाल आयदरमध्ये घे आणि `पार्टिशन-आयदर्स` ने चुका एका यादीत, नोंदी दुसऱ्या यादीत काढ. लहानसं फंक्शन आहे, रोज उपयोगी पडतं.

एकावर एक मोनॅड रचणाऱ्या मोनॅड ट्रान्सफॉर्मरचे थर आत्ता चढवू नकोस. तुझ्या प्रोग्रामला एक लहान आयओचा भाग आणि बाकी सगळी साधी फंक्शनं पुरतात.

तू विचारलं नाहीस, पण मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाला लागणारी ठेच सांगून ठेवते. `प्रिंट` ने ‘कांदा’ छापलास तर पडद्यावर २३२५, २३६६, २३०६ असे उलट्या तिरक्या रेघांतले आकडे दिसतील. फाइल बिघडली असं समजू नकोस. `प्रिंट` आधी `शो` करतं आणि `शो` इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे संकेतांक लिहितं. मजकुरासाठी `पुटस्टरएलएन` वापर. ‘कांदा’ची लांबी विचारलीस तर पाच येईल, कारण काना आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. स्तंभ सरळ लावताना हे आठव. सगळ्यात फसवे आहेत आपले अंक. ‘१६५०’ ला मजकुराचा आकडा करणारं `रीडमेबी` नथिंग देतं. `इजनंबर` मात्र ‘१’ ला होकार देतं, आणि त्या भरवशावर `डिजिटटूइंट` लावलंस तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. `इजडिजिट` फक्त इंग्रजी अंक ओळखतं. मामा मोबाइलवरून मराठी अंक पाठवणार असतील तर प्रत्येक अक्षराच्या संकेतांकातून २४०६ वजा कर आणि उरलेलं ० ते ९ मध्ये आहे का ते बघ. आपल्या शून्याचा संकेतांक तोच आहे.

आता शैली. मांडणीवरून वाद घालत बसू नकोस, कोडची मांडणी आपोआप करणारं ऑर्मोलू बसव आणि ते करेल ते मान्य कर. प्रत्येक वरच्या फंक्शनला प्रकाररेषा लिही, कंपायलर स्वतः शोधू शकत असला तरी. ती आधी लिहिली की आपण काय करणार आहोत ते आधी ठरतं. कुठे अडलास तर त्या जागी नुसती अधोरेषा टाक. तिथे कोणत्या प्रकाराची किंमत हवी आणि हाताशी काय काय आहे ते जीएचसी सांगतं. मी अर्धा कोड अशा रिकाम्या जागा भरत लिहिते.

बहुतेक उपयोगी सूचना चालू करणारा वॉल पर्याय पहिल्या दिवसापासून लाव. तुझ्याकडे कांद्याचे लाल आणि उन्हाळ असे दोन प्रकार आहेत. उद्या पांढरा वाढवलास तर ज्या ज्या केसमध्ये तो राहून गेला असेल ती प्रत्येक जागा कंपायलर दाखवेल. पण तू सगळीकडे शेवटी अधोरेषेचा सर्वसमावेशक नमुना लिहून ठेवला आहेस, त्याने ही मदत बंद पडते. तो काढ. यादीतली पहिली किंमत देणारं `हेड` ही काढ, रिकाम्या यादीवर ते कोसळतं आणि जीएचसी ९.८ पासून कंपायलरही त्याबद्दल बजावतो.

आणि क्विंटल, किलो, रुपये हे सगळे नुसते इंट, म्हणजे साधे पूर्णांक, ठेवू नकोस. बाजार समितीतला भाव क्विंटलचा, म्हणजे शंभर किलोचा, आणि घराजवळच्या भाजीवाल्याचा किलोचा. दोन्ही इंट असले तर त्यांची तुलना बिनबोभाट होईल आणि उत्तर शंभर पटीने चुकेल. प्रत्येकाला `न्यूटाइप` कर, म्हणजे त्याचा वेगळा प्रकार होईल. कंपाइल होताना तो भेद पाळला जातो, चालताना त्याचा काहीही भार नसतो. रक्कम डबल या दशांशाच्या प्रकारात ठेवू नकोस, रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेव.

राहिला तुझा नमुना. तू लिहिलंस :

सरासरी_भाव = लिफ्टए२ डिव (सम . मॅप मूल्य) (सम . मॅप आवक)

हे बरोबर चालतं आणि हुशारीने लिहिलेलं आहे. फंक्शन हेच अ‍ॅप्लिकेटिव्ह म्हणून वापरलंस, एकच यादी दोन्हीकडे गेली. हे सुचलं याचा मला आनंद झाला. आता हेच मी नावं देऊन लिहिते :

सरासरी_भाव नोंदी = एकूण_मूल्य `डिव` एकूण_आवक
  व्हेअर
    एकूण_मूल्य = सम (मॅप मूल्य नोंदी)
    एकूण_आवक = सम (मॅप आवक नोंदी)

पहिली ओळ पुन्हा वाच. ‘भागिले एकूण आवक’ हे शब्द डोळ्यांसमोर आले की लगेच मनात येतं : लिलाव बंद असला तर? नोंदींची यादी रिकामी, आवक शून्य, आणि शून्याने भागल्यावर प्रोग्राम बंद. तुझ्या एका ओळीतही हीच चूक होती, पण तिथे भाजकाला नाव नव्हतं, म्हणून शंका यायला जागा नव्हती. मित्र म्हणतो ते यासाठी बरोबर आहे. व्हेअर तसाच ठेवून वरची ओळ अशी कर, व्हेअरमधली नावं सगळ्या गार्डना, म्हणजे उभ्या रेघेनंतरच्या अटींना, दिसतात :

सरासरी_भाव नोंदी
  | एकूण_आवक == ० = नथिंग
  | अदरवाइज = जस्ट (एकूण_मूल्य `डिव` एकूण_आवक)

प्रकाररेषेच्या शेवटी आता मेबी आला. त्यामुळे अहवाल छापणारं तुझं फंक्शन कंपाइल होणार नाही, आणि नथिंगसाठी काय छापायचं ते ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथे ‘आज लिलाव बंद’ असं लिही.